तालिया: मालिकेच्या पाठीवर गाणं, गाण्याच्या पाठीवर मालिका

दिवेलागण
स्पॅनिश पॉपचा विषय निघाला की आपल्याकडे शकीरा आणि रिकी मार्टिनच्या पुढे गाडी सरकत नाही. तालियाचं नाव आलंच तर 'ती मालिकांमधली' एवढंच. म्हणून हा वेगळा धागा. लग्न, घराणं, बहिणींचं अपहरण यांवर जगाने भरपूर लिहून ठेवलंय, ते इथे नको. कामाबद्दल बोलू.

आधी सांगाडा. आरिआद्ना तालिया सोदी मिरांदा, जन्म २६ ऑगस्ट १९७१, मेक्सिको सिटी. लहानपणी 'दिन-दिन' नावाच्या मुलांच्या गटात. १९८६ मध्ये साशा सोकोल बाहेर पडल्यावर तिच्या जागी 'तिंबिरिचे' या बँडमध्ये. १९८७ मध्ये 'किन्सेआन्येरा' ही मालिका, आदेला नोरिएगाबरोबर. १९८९ मध्ये गट सोडला, १९९० मध्ये पहिला एकल अल्बम. मग 'मारिया मेर्सेदेस' (१९९२), 'मारिमार' (१९९४), 'मारिया ला देल बार्रियो' (१९९५) या तीन 'मारिया', आणि १९९९ मध्ये 'रोसालिंदा'. तिथे मालिका संपल्या, गाणं चालू राहिलं, ते आजही चालू आहे.

माझा मुद्दा असा: ती तिच्या पिढीतली सर्वांत चांगली गायिका नव्हती आणि सर्वांत चांगली नटी तर नव्हतीच. पण गाणं आणि मालिका या दोन धंद्यांचा सांधा जिथे होता, तिथे तिच्याइतकं नेमकं कोणीच उभं राहिलं नाही. पटत नसेल तर या मैदानात.

कातळ
सहमत, पण सांधा तिने शोधला नाही, तो आधीच घडवून ठेवलेला होता. तिंबिरिचे हा काही शाळकरी मुलांनी हौसेने काढलेला बँड नव्हे. स्पेनच्या 'पार्चीस' या मुलांच्या गटाला उत्तर म्हणून मेक्सिकोच्या टेलेव्हिसा या वाहिनीने १९८२ मध्ये सहा मुलं घेऊन तो बांधला: आलिक्स, बेनी, दिएगो, मारियाना, पाउलिना, साशा. कोणी मोठं झालं किंवा बाहेर पडलं की त्या जागी नवा माणूस. १९८४ मध्ये याच मुलांना घेऊन 'व्हासेलिना' हे संगीत नाटक उभं केलं. म्हणजे सोळाव्या वर्षापर्यंत नाच, थेट गाणं, रंगमंच आणि कॅमेरा या चारही गोष्टींचा रियाझ पगार घेऊन. तालिया, पाउलिना रुबिओ, बिबी गायतान, एदुआर्दो कापेतियो सगळे याच कारखान्यातले. 'मारिमार'चा नायक कापेतियो हा तिचा तिंबिरिचेमधला जुना सहकारी, हे लक्षात घेतलं की त्या जोडीच्या सहजपणाचं कोडं उरत नाही.

गुळपोळी
एक प्रश्न. आपल्या मराठी मालिकांची शीर्षकगीतं पार्श्वगायक गातात, नायिका फक्त ओढणी उडवते. तिकडे नायिकेनेच गायचं ही पद्धत तालियापासून सुरू झाली का?

कातळ
नाही. १९७९ च्या 'लोस रिकोस ताम्बिएन योरान'ची नायिका व्हेरोनिका कास्त्रो, शीर्षकगीतही तिचंच. तालियाच्या काळात मात्र त्याला शिस्त आली. कृती अशी:

मालिकेचं नाव म्हणजे नायिकेचं नाव. गाण्याच्या ध्रुवपदातही तेच नाव. आठवड्यातले पाच दिवस, रोज रात्री, गाणं वाजणार आणि नाव कानात बसणार. मालिकेत वापरायची आवृत्ती छोटी, रेडिओसाठी पूर्ण लांबीची. मधल्या प्रसंगांत त्याच चालीचे वाद्यतुकडे: हळू पियानोवर आला तर रडारड, तालात आला तर प्रेमप्रसंग. म्हणजे प्रेक्षक दिवसातून एकदा नव्हे, पाच-सहा वेळा तीच चाल ऐकतो आणि त्याला पत्ताही नसतो.

'मारिया मेर्सेदेस' आणि 'मारिमार' या दोन्ही गाण्यांवर व्हिव्हियाना पिमस्टाइन आणि पाको नव्हार्रेते ही जोडी आहे. पहिल्या मालिकेचा निर्माता व्हालेंतीन पिमस्टाइन, दुसरीची व्हेरोनिका पिमस्टाइन. आडनावं वाचा, अधिक बोलत नाही. :)

दिवेलागण
त्यात आणखी एक पदर आहे. फोनोव्हिसा ही रेकॉर्ड कंपनी त्या काळी टेलेव्हिसाचीच. म्हणजे वाहिनी, रेकॉर्ड कंपनी, मालिकांवरचं मासिक, सगळं एकाच छपराखाली. तालियाचे पहिले तीन अल्बम (१९९०, १९९१, १९९२) फोनोव्हिसाचे. पहिल्या दोनांचा निर्माता आल्फ्रेदो दियास ओर्दास, माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा आणि मूळचा रॉकवाला. त्या तीन अल्बमांचा आवाज मालिकेतल्या गरीब, भोळ्या मुलीशी अजिबात जुळत नाही. 'सालिवा'सारख्या गाण्यांवर अश्लीलतेचे आरोप झाले, फुलांची चोळी घालून नाचण्यावर लोकांनी नाकं मुरडली. आणि वर्ष-दोन वर्षांत तीच बाई रस्त्यावर लॉटरीची तिकिटं विकणारी मारिया मेर्सेदेस!

१९९५ ला ती ई.एम.आय. या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेली, मालिका मात्र टेलेव्हिसाचीच. पहिल्यांदाच गाण्याचा पैसा एका घरात आणि मालिकेचा दुसऱ्या घरात. म्हणून 'मारिया ला देल बार्रियो'चं शीर्षकगीत 'एन एक्स्तासिस' या ई.एम.आय.च्या अल्बमवर सापडतं. माझ्या मते खरी कलाटणी ही. त्याआधी ती कंपनीची कलावंत होती, यानंतर सौदा करणारी.

तिसरी_घंटा
अभिनयावर कोणी बोलत नाहीये म्हणून मी. टेलेव्हिसाच्या मालिकांमधले नट मध्येच शून्यात का बघतात, याचं एक तांत्रिक कारण आहे: आपुन्तादोर, म्हणजे कानातला प्रॉम्प्टर. केसांखाली लपवलेला छोटा श्रवणबिंदू. आत बसलेला माणूस सगळ्यांचे संवाद आणि हालचाली वाचत जातो, नट ऐकून बोलतो. फायदा उघड आहे, पाठांतर नको. आठवड्याला पाच भाग आणि बहुकॅमेरा चित्रीकरण असेल तर तालमीला वेळच नसतो. सकाळी हातात पडलेला प्रसंग दुपारी उरकता येतो.

बिघडतं ते असं. सगळ्यांच्या कानात एकच आवाज, म्हणून दोघांनी एकमेकांचं बोलणं तोडणं अवघड होतं. एक बोलणार, थांबणार, मग दुसरा. त्या थांब्यात कॅमेरा चेहऱ्यावर आत जातो आणि संगीत चढतं. ज्याला आपण टेलिनोव्हेलाची (म्हणजे या लॅटिन अमेरिकी मालिकांची) 'शैली' म्हणतो तिचा बराच भाग या थांब्यांना झाकण्यातून आलाय. आणि वाक्य कानात पूर्ण होण्याआधी नटाने चेहरा बदलला तर भाव एका वाक्याचा, शब्द दुसऱ्याचे.

तालिया इथे तरून जाते, कारण तिचा चेहरा थांब्यात रिकामा पडत नाही. ती सतत काहीतरी करत असते: नाक फेंदारणं, ओठ चावणं, हाताने केस मागे टाकणं. बारीक अभिनय नव्हे हा, पण थांबा भरून काढतो. गाण्याच्या व्हिडिओंत कॅमेऱ्यासमोर शब्दांशिवाय उभं राहायची सवय असलेल्या माणसाला हे जमतं, नुसत्या नाटकवाल्याला जड जातं.

रसवंती
तिसरी_घंटा, 'मारिमार'मधला चिखलाचा प्रसंग घ्या, म्हणजे तुमचं म्हणणं पुराव्यानिशी दिसेल. खलनायिका आन्हेलिका (चांताल आंदेरे) बांगडी चिखलात फेकते आणि मारिमारला ती दातांनी उचलायला लावते. तालिया गुडघ्यांवर येते, हात मागे, तोंड खाली. संवाद जवळजवळ नाहीतच, म्हणजे कानातल्याचा उपयोग शून्य. चेहरा चिखलाने माखल्यावर डोळे तेवढे उरतात आणि ती त्या डोळ्यांवर प्रसंग निभावते. पुढे तीच मुलगी श्रीमंत बेला आल्दामा होऊन परतते आणि आन्हेलिकाला चिखलातून कागद दातांनी उचलायला लावते. लेखनाच्या दृष्टीने अगदी ढोबळ, सव्याज परतफेड. पण मधले महिने प्रेक्षक याच हिशेबासाठी थांबलेला असतो.

अवांतर: पुल्गोसो हा कुत्रा मालिकेतला सर्वांत समंजस माणूस आहे.

कातळ
अवांतर मान्य. :D

कथांचं मूळही सांगून ठेवतो. तिन्ही मारियांचं बीज इनेस रोदेना या क्यूबन लेखिकेच्या कथांत. 'मारिया ला देल बार्रियो' तर सरळसरळ 'लोस रिकोस ताम्बिएन योरान'ची नवी आवृत्ती. 'रोसालिंदा' मात्र देलिया फियायोची, तीही क्यूबनच. साचा एकच: लॉटरी विकणारी, समुद्रकाठी झोपडीत राहणारी, कचरा वेचणारी, फुलं विकणारी. मग श्रीमंत घर, अपमान, ताटातूट, परत येणं.

आपल्याकडच्या मालिकांशी मोठा फरक लांबीचा. १९९४ च्या जानेवारीत सुरू झालेली 'मारिमार' त्याच ऑगस्टमध्ये संपली. शेवट ठरलेला असतो, पाणी घालून वर्षानुवर्षं वाढवत नाहीत. नायिकेच्या दृष्टीने हे फार मोलाचं. सात-आठ महिने रोज पडद्यावर, मग अल्बम, मग दौरा, मग पुढची मालिका. तीन-तीन वर्षं एका भूमिकेत अडकली असती तर 'पिएल मोरेना'सारख्या गाण्याला वेळच मिळाला नसता.

गुळपोळी
मेक्सिकोबाहेर एवढं कसं चाललं? स्पॅनिश न कळणाऱ्यांनी काय पाहिलं?

रसवंती
डबिंग. ब्राझीलमध्ये एस.बी.टी. वाहिनीने पोर्तुगीजमध्ये तिन्ही मारिया दाखवल्या आणि पुढे किती वेळा पुन्हा लावल्या याची गणती नको. फिलिपिन्समध्ये १९९६ ला आर.पी.एन. ९ वर 'मारिमार' टागालोगमध्ये आली. तिथे नंतर जी.एम.ए.ने २००७ आणि २०१५ असे दोनदा तिचे स्थानिक अवतार केले.

डबिंगची मेख आवाजपट्टीत आहे. परदेशी विकताना मालिकेबरोबर संगीत आणि ध्वनिपरिणामांची वेगळी पट्टी द्यावी लागते, संवाद वगळून. ती असेल तर नव्या भाषेतले संवाद वर बसतात आणि खालचं संगीत अखंड राहतं. नसेल, किंवा खराब असेल, तर संवाद काढताना दारांचे आवाज, पावलं, पाठीमागचं संगीत, सगळंच जातं. मग डबिंगवाले आपल्या साठ्यातलं कुठलंतरी संगीत लावतात आणि प्रसंग लुळा पडतो.

बहुतेक ठिकाणी एक गोष्ट मात्र तशीच ठेवली जाते: शीर्षकगीत. संवादांना दुसऱ्या बाईचा आवाज, पण गाण्यात खरी तालिया, स्पॅनिशमध्ये. म्हणजे परदेशी प्रेक्षकाला तिचा स्वतःचा आवाज फक्त गाण्यात मिळतो. कॅसेट विकायला याहून चांगली जाहिरात कोणती? फिलिपिन्समध्ये तर १९९७ ला 'नांदितो आको' नावाचा खास अल्बम निघाला, त्यात टागालोग गाणी. नावाचं गाणं मूळ ओगी आल्कासिदचं, तिथल्या लोकांना आधीच पाठ असलेलं.

सूरपेटी
आता थोडं गाण्याकडे. 'पिएल मोरेना' (१९९५) किके सांतांदेरची, निर्मिती एमिलिओ एस्तेफानकडे. हिचा पाया कुंबिया, म्हणजे कोलंबियाचा नाचाचा ठेका. ज्यांना केहरवा माहीत आहे त्यांनी असं मोजावं: आठ मात्रा धरा. बेस पहिल्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेवर पडतो. ग्वाचाराका (खाचा पाडलेली नळी, तारांच्या काट्याने घासतात) एक लांब घासा आणि दोन आखूड, असं चार-चार मात्रांत फिरत राहते. पाचवी-सातवीवरच्या त्या बेसमुळे कंबर आपोआप हलते, चाल जलद नसली तरी. घाई केली की कुंबिया मरते. लग्नाच्या बँडवाल्यांनी हे वाजवताना लय चढवली की ते सरळ पोल्कासारखं वाटायला लागतं.

तालियाचा आवाज मधल्या पट्टीतला, हवा मिसळलेला. वरच्या सुरांत ताकद कमी. निर्मात्यांनी हे ओळखून कडवी खालच्या पट्टीत, जवळजवळ कुजबुजीत ठेवली, आणि ध्रुवपद समूहस्वरांवर सोडलं. 'आमोर आ ला मेक्सिकाना'त (१९९७) तेच, वर अकॉर्डियन. १९९८ ला हे गाणं फ्रान्समध्येही चाललं.

२००१ ला तिने जुनी गाणी मेक्सिकोतल्या सिनालोआच्या बांदाबरोबर, म्हणजे पितळी वाद्यांच्या ताफ्याबरोबर, पुन्हा रेकॉर्ड केली. क्लॅरिनेट, तुतारीवर्गातली वाद्यं, सुझाफोन आणि तांबोरा नावाचा मोठा ढोल. इथे आवाजाची अडचण उघडी पडते. पितळी वाद्यांच्या भिंतीवर कुजबुज चालत नाही. ऐकायला मजेदार, पण बांदाच्या खऱ्या गायिकांपुढे फिकं. प्रयोग म्हणून गुण देतो, गाणं म्हणून नाही.

झणका
सूरपेटी, 'एंत्रे एल मार इ उना एस्त्रेया' (२०००) विसरलात? तिथे कुजबूज नाही की समूहाचा आडोसा नाही. ताकद कमी म्हणणं एकांगी आहे.

सूरपेटी
विसरलो नाही, पण ते चालीचं यश. चाल पायरीपायरीने चढते, एकदम उडी घेत नाही, आणि सर्वांत वरचा सूर लांबवायचा नाही अशी सोय आहे. आपली मर्यादा ओळखून चाल निवडणं हेही कौशल्यच. कमी लेखत नाहीये.

झणका
ठीक. मग २००३ च्या इंग्रजी अल्बमवर बोला. सगळे त्याला 'फसलेला' म्हणतात. 'आय वाँट यू', फॅट जोबरोबर, बिलबोर्डच्या मुख्य यादीत २२ व्या क्रमांकापर्यंत. अल्बम ११ व्या क्रमांकावर. हे फसणं असेल तर मलाही असं फसायला आवडेल.

दिवेलागण
आकडे बरोबर, पण पुढचं पाऊल बघा ना. दुसऱ्या गाण्याने दम धरला नाही आणि दुसरा पूर्ण इंग्रजी अल्बम आला नाही. कारणं माझ्या मते तीन, आणि समान वजनाची नाहीत.

मुख्य कारण, तिच्यातलं जे विकलं जात होतं तेच काढून टाकलं. ब्रेंडा रसेलच्या जुन्या गाण्याचा तुकडा, वर रॅप, सुबक आर अँड बी. ऐकायला छान. पण नाट्य नाही, अकॉर्डियन नाही, कमरेवर हात ठेवून केलेला तो ठसका नाही. अमेरिकी श्रोत्याला ही कोण, हे मालिकेतून आधी कळलेलं नव्हतं. शीर्षकगीताची सगळी यंत्रणा मालिकेवर उभी होती. मालिका काढून घेतली की नुसतं गाणं उरतं, आणि नुसत्या गाण्यात तिच्यापेक्षा सरस बायका त्या यादीत रांगेने उभ्या होत्या.

दुसरं, वेळ. रिकी मार्टिनची लाट १९९९ ची, शकीराचा इंग्रजी अल्बम २००१ चा. २००३ पर्यंत पाणी ओसरलं होतं.

तिसरं किरकोळ: आधीच्या वर्षीचा स्पॅनिश अल्बम आणि हा इंग्रजी, दोन्हींचं नाव 'तालिया'च. दुकानात कुठला कुठला, हा घोळ.

झणका
पहिलं कारण मान्य करतो. पण मग १९९९ नंतर मालिका सोडल्या हीच चूक म्हणायची का?

कातळ
चूक नाही म्हणता येत. 'रोसालिंदा'च्या वेळी ती सत्तावीस-अठ्ठावीसची. गरीब, भाबडी मुलगी आणखी किती वर्षं करणार? पुढची पायरी आईच्या भूमिका, आणि टेलेव्हिसात त्या पायरीवर गेलं की शीर्षकगीत दुसरीचं होतं. शिवाय २००४ मध्ये पेद्रो दामियानने 'रेबेल्दे' काढली, तिच्यातूनच आर.बी.डी. हा बँड निघाला. मालिका आणि गाणं यांचा सांधा तोच, पण एका नायिकेऐवजी सहा जण. खेळच बदलला. एकटीने सगळं ओढायची पद्धत तिच्याबरोबरच संपली.

अवांतर, मुंबईचा धागा: 'रेबेल्दे' ज्या अर्जेंटिनी 'रेबेल्दे वे'वरून आली, तिच्यावरूनच स्टार वनची 'रीमिक्स'. आणि 'जस्सी जैसी कोई नहीं' कोलंबियाच्या 'बेट्टी'वरून. मेक्सिकोची साडी-कुंकवातली मारिया मात्र आपल्याकडे वेगळ्याने करायची गरजच पडली नसावी, आपल्याकडे तशा पुष्कळ होत्या.

रसवंती
:D

२००९ चा 'प्रिमेरा फिला' कोणी काढला नाही अजून? सोनीकडे गेल्यावरचा पहिला. थेट प्रेक्षकांसमोर, ध्वनिक वाद्यांवर, निर्माता आउरेओ बाकेइरो. अशा मैफिलीत कलाकार साधारणपणे जुनी लोकप्रिय गाणी मंद करून वाजवतात. हिने बहुतेक सगळी नवी आणली, जोडीला रोबेर्तो कार्लोसच्या गाण्याचं स्पॅनिश रूप आणि होआन सेबास्तियानबरोबर एक युगुलगीत. 'एकिवोकादा' यातलंच. नाच नाही, कपड्यांचा तमाशा नाही. म्हणजे २००३ ला जे काढून टाकलं होतं, त्यातलं नाट्य तेवढं परत आणलं: दगा, पश्चात्ताप, एकटेपण. मालिका नसलेल्या मालिकेची गाणी म्हणा हवं तर.

सूरपेटी
+१. आणि तिथे आवाजही पहिल्यांदा उघडा ऐकू येतो, दोन-चार ठिकाणी सूर किंचित खाली लागलाय तो तसाच ठेवलाय. दुरुस्त केला असता तर गाण्यांतली हवाच गेली असती.

त्यानंतरचं वेगळं प्रकरण. 'देस्दे एसा नोचे' मालुमाबरोबर (२०१६), 'नो मे आक्वेर्दो' नात्ती नाताशाबरोबर (२०१८). रेगेटॉन, तरुण जोडीदार, यूट्यूबचा हिशेब. धंदा म्हणून अचूक, मला रस नाही. २०१८ मध्येच प्रेक्षकांना 'ऐकू येतंय का?' विचारणारा तिचा एक तुकडा आंतरजालावर उधळला आणि लोक त्यावर नाचायला लागले. तिनेही चिडण्याऐवजी ते उचलून धरलं. चाळिशीनंतर आपली थट्टा आपणच वाजवून घेणं सगळ्यांना जमत नाही.

गुळपोळी
वाचनखूण साठवली. आता कोणीतरी नवख्यासाठी सांगा, ॲपवर सुरुवात कुठून करू? नुसतं 'तालिया' टाकलं तर गोंधळ उडतोय.

दिवेलागण
उडणारच. 'तालिया' नावाचेच तीन अल्बम आहेत: १९९०, २००२ आणि २००३. शोधताना वर्ष बघा. १९९० चा रॉकमिश्रित, २००२ चा स्पॅनिश पॉप ('आ किएन ले इंपोर्ता' त्यातच, मूळ गाणं १९८६ चं, आलास्का इ दिनारामाचं), २००३ चा इंग्रजी. 'आय वाँट यू' आणि 'मे पोनेस सेक्सी' ही एकाच गाण्याची दोन रूपं आहेत, दोन्ही यादीत टाकू नका.

सुरुवात 'एन एक्स्तासिस'पासून करा. मग 'आरासांदो' (२०००), मग थेट 'प्रिमेरा फिला'. १९९० चा शेवटी ऐका, आधी ऐकलात तर पळून जाल. मालिका एकच बघायची असेल तर 'मारिमार', खलनायिकेसाठी बघायची असेल तर 'मारिया ला देल बार्रियो'. इताती कांतोरालची सोराया मोंतेनेग्रो तालियाला झाकून टाकते, आणि ते तालियाच्या चाहत्यांनाही मान्य आहे.

झणका
मला मान्य नाही, पण त्यासाठी वेगळा धागा काढतो.